बाई सेन्सेई

माझं नाव वैदेही. जपानी तोंडाला 'व्ह' जमत नाही, त्याच्या जागी 'ब' येतो. त्यामुळे काताकाना लिपीत माझं नाव झालं 'बाइदेही'. पहिल्या दिवशी सहावीच्या वर्गात मी ते फळ्यावर लिहिलं आणि मागच्या बाकावरच्या एका मुलाने ते अर्ध्यातच तोडून हाक मारली, "बाई सेन्सेई!"

सेन्सेई म्हणजे शिक्षक. मी खडू हातात धरून तशीच उभी. माझी आई बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत 'बाई' होती. मी मात्र पुण्यात इंग्रजी माध्यमात शिकले, तिथे सगळ्या 'मिस' किंवा 'टीचर'. बाई व्हायला मला जपानमधल्या ओकायामाला यावं लागलं. दुपारी शाळा सुटताना दोन-तीन पोरं दारातून हात हलवत ओरडली, "बाई बाई, बाई सेन्सेई!" ते मला टाटा करत होते, हे कळायला मला चार पावलं चालावं लागलं.

आता हे सगळं घडलं कसं, ते.

जपानच्या सरकारी शाळांमध्ये इंग्रजीच्या तासाला जपानी शिक्षकाबरोबर एक परदेशी मदतनीस असतो. त्याला 'एएलटी' म्हणतात. सरकारची 'जेट' नावाची योजना १९८७ पासून चालू आहे, तिथून येणाऱ्यांना पगारही चांगला आणि मानही. मी तिथून गेले नाही. मी गेले मनुष्यबळ पुरवणाऱ्या एका खासगी कंपनीकडून. शिक्षण मंडळ कंपनीला कंत्राट देतं, कंपनी आमच्यासारख्यांना शाळेत नेऊन उभं करते. आपल्याकडच्या कंत्राटी शिक्षकांची गोष्ट ज्यांना माहीत आहे, त्यांना पुढचं फारसं सांगायला नको. माझा करार आठवड्याला २९.५ तासांचा होता. अर्धा तास कुठे गेला, असं मी मुलाखतीत भाबडेपणाने विचारलं होतं. ३० पूर्ण झाले असते तर कंपनीवर विम्याची जबाबदारी आली असती, हे नंतर एका जुन्या सहकाऱ्याने समजावलं.

व्हिसासाठी एक अट होती. सरकारी शाळेत एखादी भाषा शिकवायची, तर तुमचं स्वतःचं निदान १२ वर्षांचं शिक्षण त्या भाषेतून झालेलं असावं लागतं. अमेरिकन माणसाला हे कुणी विचारत नाही, आपल्याला कागद दाखवावा लागतो. दहावीपर्यंतचं पत्र शाळेचं, अकरावी-बारावीचं कॉलेजचं. शाळेच्या ऑफिसात तेच काका बसले होते, जे मी सातवीत असताना फीची पावती फाडायचे.

"मीडियम ऑफ इन्स्ट्रक्शनचं पत्र? परदेशी शिकायला चाललीस?"

"नाही, शिकवायला."

"काय?"

"इंग्रजी. जपानमध्ये."

काकांनी चष्म्यावरून बघितलं. "त्यांना कुणी इंग्रज नाही मिळाला?"

पत्र मिळायला तीन खेपा झाल्या, पण मिळालं. जपानमधून पात्रतेचा दाखला यायला दोन महिने लागले, त्यानंतर मुंबईच्या वकिलातीचा शिक्का हा उपचारच होता. मार्च २०२३ मध्ये मी कानसाई विमानतळावर उतरले. रहिवासी कार्ड तिथेच, इमिग्रेशनच्या खिडकीवर, हातात पडलं. मग शिन-ओसाकाहून पाऊण तासात ओकायामा, आणि तिथून दोन डब्यांच्या लोकल गाडीने माझं गाव. त्याचं नाव सांगत नाही. गाव लहान आहे आणि तिथल्या शाळांत परदेशी बाई एकच होती.

पहिले पंधरा दिवस नगरपालिकेत गेले. घर मिळाल्यापासून १४ दिवसांत पत्ता नोंदवायचा. मग बँकेत खातं, तर बँकेला फोन नंबर हवा. फोनच्या दुकानात गेले, तर त्यांना बँकेचं खातं हवं. शेवटी कंपनीच्या माणसाने स्वतःचा नंबर दिला आणि गाडी पुढे सरकली. घराच्या हिशोबात 'रेइकिन' नावाची एक रक्कम होती, शब्दशः 'आभाराचे पैसे'. घरमालकाने घर दिलं म्हणून त्याचे आभार, आणि ते परत मिळत नाहीत. पागडीची ही नीटनेटकी, वाकून नमस्कार करणारी बहीण. सहीऐवजी शिक्का लागेल म्हणून नावाचा लाकडी हांको करून घेतला. दुकानदाराने विचारलं, पूर्ण नाव बसणार नाही, थोडं कमी करू? तो शिक्का अजून माझ्याकडे आहे. त्यावर तीनच अक्षरं आहेत आणि मराठीत ती निव्वळ निरर्थक आहेत.

आठवड्यातले तीन दिवस माध्यमिक शाळा, दोन दिवस प्राथमिक. दोन्हीकडे आत शिरताना बाहेरचे बूट कप्प्यात ठेवायचे आणि घरातले, म्हणजे शाळेतले, घालायचे. पहिल्या आठवड्यात मी एकदा संडासातल्या चपला पायात तशाच ठेवून स्टाफरूमपर्यंत आले होते. कुणी काही बोललं नाही. सगळ्यांनी फक्त माझ्या पायांकडे पाहिलं आणि मग अतिशय सभ्यपणे दुसरीकडे पाहिलं. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं.

स्टाफरूममध्ये सगळ्यांची टेबलं एकमेकांना चिकटवून बेटं केलेली असतात, इयत्तेप्रमाणे. माझं टेबल कुठल्याच बेटात नव्हतं. ते झेरॉक्स मशीनशेजारी होतं, उपमुख्याध्यापकांच्या नजरेच्या टप्प्यात. त्यांना सगळे 'क्योतो-सेन्सेई' म्हणायचे. मला वाटलं, हे मूळचे क्योतो शहरातले असणार, म्हणून सगळे कौतुकाने म्हणत असतील. दुसऱ्या आठवड्यात ओळख वाढवावी म्हणून मी विचारलं, "क्योतोमध्ये तुमचं घर कुठल्या भागात?" ते बराच वेळ विचारात पडले. उपमुख्याध्यापक या शब्दातला शेवटचा 'ओ' लांब, शहराच्या नावातला तोकडा, एवढाच फरक. आपल्याकडे इकार-उकाराच्या ऱ्हस्व-दीर्घावरून आयुष्यभर मार्क जातात, पण 'ओ' लांबवायचा की तोडायचा, याची शिकवणी कुणी दिलेली नसते. ते स्वतः ओकायामाचेच, द्राक्षांची बाग असलेल्या घरातले होते.

शिकवणं म्हणाल, तर प्राथमिक शाळेत तिसरी-चौथीला वर्षाला ३५ तास, खेळ आणि गाणी. पाचवी-सहावीला ७० तास, आणि २०२० पासून तो रीतसर विषय झालेला, म्हणजे पुस्तक आणि मूल्यमापन आलं. मुख्य वर्गशिक्षक बहुतेकदा इंग्रजीला माझ्यापेक्षा जास्त घाबरलेले. पहिले काही महिने माझं काम टेपरेकॉर्डरचं होतं. मी म्हणायचं "आय कॅन स्विम", तीस तोंडांनी म्हणायचं "आय कॅन सुइमु". एप्रिलपासून शाळेत मास्कची सक्ती उठली होती, पण बहुतेक पोरांनी तो काढलाच नव्हता, त्यामुळे कोण म्हणतंय आणि कोण नुसते डोळे मिचकावतंय, हे कळायला मार्ग नव्हता.

खोडरबराचा एक खेळ मात्र रामबाण. दोन मुलांच्या मध्ये बाकावर एक खोडरबर. मी शब्द म्हणत जायचं, मुलांनी मागून म्हणायचं, आणि ठरवलेला शब्द आला की झडप घालायची. 'टायगर' ठरला असेल तर मी मुद्दाम 'टाय...' म्हणून थांबायचे आणि 'टायर' म्हणायचे. त्या अर्ध्या सेकंदात तीस हात हवेत गोठलेले असायचे. माझ्या सबंध वर्षातलं सगळ्यात चांगलं शिकवणं त्या अर्ध्या सेकंदात झालं असावं.

ओळख करून द्यायच्या तासाला मी पुण्याचे फोटो नेले होते. सिंहगड रोडवरचं पु. ल. देशपांडे उद्यान दाखवलं. ते पुणे-ओकायामा मैत्री उद्यान आहे, ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं. मुलांनी चौथीत कोराकुएनची सहल केलेली होती. "एऽऽऽ!" असा एक लांबलचक सूर निघाला, मग शांतता, आणि मग एका मुलीचा प्रश्न: "तिथे तिकीट आहे का?" त्यानंतर सगळे फोटो बाजूला पडले, कारण कुणाला तरी आठवलं की भारतातले लोक दोन आकडी पाढे पाठ करतात. हा समज तिथे घरोघरी आहे. "सतरा गुणिले अठरा!" समोरून आलं. आजीने सुट्टीत तिसापर्यंतचे पाढे म्हणून घेतले होते, त्यातले निम्मे विसरलेले. पण अठरा गुणिले अठरा तीनशे चोवीस हे कसं कोण जाणे डोक्यात होतं. त्यातून एक अठरा वजा केला आणि म्हटलं, "थ्री हंड्रेड अँड सिक्स." वर्गशिक्षकांनी कॅल्क्युलेटर काढून पडताळलं. टाळ्या. इंग्रजी शिकवायला आलेल्या माझी इभ्रत पाढ्यांनी राखली.

माध्यमिक शाळेत परिस्थिती वेगळी. तिथे प्रवेशपरीक्षेचं भूत मानगुटीवर बसलेलं असतं आणि मुलं उत्तर येत असलं तरी बोलत नाहीत. तिथल्या इंग्रजीच्या बाई पन्नाशीच्या, कडक, तयारीच्या पक्क्या. एकदा पाठात 'वॉटर' आला. पुस्तकाच्या ध्वनिफितीत अमेरिकन आवाज म्हणतो 'वॉडर'. मी म्हटलं 'वॉटर', आपल्या स्वच्छ 'ट'ने. पुढच्या रांगेतल्या मुलाने अगदी माझ्यासारखाच 'ट' काढून म्हटलं. बाई थांबल्या. ध्वनिफीत पुन्हा लावली. मुलाने माझ्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि काताकानातलं 'वोऽताऽ' म्हणून बसला. त्याच्या दृष्टीने तेच सुरक्षित.

तास संपल्यावर बाई मला म्हणाल्या, परीक्षेत ऐकायचा भाग अमेरिकन आवाजात असतो, म्हणून आपण जरा... वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. तिथे वाक्यं सहसा पूर्ण करत नाहीत. मला राग आला. शाळेचं पत्र, कॉलेजचं पत्र, बारा वर्षं, आणि तुम्ही मला 'वॉटर' शिकवता? घरी जाऊन नवऱ्याशी फोनवर अर्धा तास तावातावाने बोलले. वसाहतवाद वगैरे शब्दही वापरले.

दोन दिवसांनी 'व्हेस्ट' आणि 'वेस्ट' यांतला फरक दाखवायची पाळी आली. मी दोन्ही म्हटले. बाईंनी पुन्हा म्हणायला सांगितलं. पुन्हा म्हटले. त्यांनी अतिशय नम्रपणे विचारलं, "आत्ता पहिला म्हणालात की दुसरा?" मी उघड्या तोंडाने उभी. मराठी 'व' हा दोन्हींच्या मधला कुठला तरी आहे, आणि बारा वर्षांच्या इंग्रजी माध्यमाने त्याच्या केसालाही धक्का लावलेला नाही. 'थ'चंही तेच. 'थँक यू' म्हणताना जीभ दातांच्या बाहेर काढा, असं मी पोरांना सांगायचे आणि स्वतः थालीपिठातला 'थ' म्हणायचे. त्या रात्री बाथरूमच्या आरशासमोर खालचा ओठ दाताखाली धरून मी 'व्हेरी, व्हेरी, व्हेरी' करत बसले. नवऱ्याला हे सांगितलं नाही.

आमच्यात समेट असा काही झाला नाही. फेब्रुवारीत एकदा ऐकण्याच्या चाचणीच्या वेळी शाळेचं वाय-फाय पडलं, ध्वनिफीत चालेना. बाईंनी कागद माझ्या हातात दिला. मी वाचला. एरवीपेक्षा मार्क कमी पडले की जास्त, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

मराठीचा उपयोग झाला तो उलट बाजूला, जपानी शिकताना. संध्याकाळी नगरपालिकेच्या वर्गात मी, दोन व्हिएतनामी मुलं आणि एक ब्राझिलियन बाई असे बसायचो. फळ्यावर अक्षरांचा तक्ता: अ इ उ ए ओ. मग क, स, त, न, ह, म, य, र, व. बाकीचे पाठ करत होते. मला मात्र पहिलीच्या पाटीवर बसल्यासारखं झालं. बौद्ध भिक्षू संस्कृत वर्णमाला शिकत, तिची सिद्धम लिपी तिथे गेली, आणि तिच्या क्रमावरून हा तक्ता लागला. 'ह' हा एके काळी 'प' होता म्हणतात, म्हणजे तर 'न' झाल्यावर 'प', 'म', 'य', 'र', 'व' अगदी जागच्या जागी. वाक्यही आपल्यासारखंच, क्रियापद शेवटी, विभक्ती शब्दाच्या मागे चिकटलेली. "छान हवा आहे ना?" मधला 'ना' तिथे 'ने' होऊन बसलाय. ब्राझिलियन बाई मला विचारायची, तू एवढ्या लवकर कशी शिकतेस? मी म्हणायचे, आमचं आधीच ठरलेलं आहे.

जेवणाचं प्रकरण मात्र वर्षभर पुरलं. प्राथमिक शाळेत जेवण शाळेचंच. मुलं पांढरे ॲप्रन आणि टोप्या घालून मोठाली पातेली वर्गात आणतात, स्वतः वाढतात, सगळ्यांचं वाढून झालं की हात जोडून 'इतादाकिमास' म्हणतात, आपल्याकडे श्लोक म्हणून घास घेतात तसं. प्रत्येकाला २०० मिलिलिटर दूध, उन्हाळा असो की हिवाळा. मुलांच्या अर्धा तास आधी मुख्याध्यापक एकटे बसून तेच जेवण जेवतात, काही बिघडलेलं नाही ना हे बघायला. आईला फोनवर हे सांगितलं, तर तिला त्यात नवल वाटलं नाही. "आम्ही नाही का खिचडीची चव घेऊन रजिस्टरवर सही करायचो?" नंतर मुलं स्वतः वर्ग झाडतात, फडकं जमिनीवर दाबून सगळा व्हरांडा पळत पुसून काढतात, हे सांगितल्यावर मात्र ती म्हणाली, "इथे पालक भांडायला आले असते."

मी अंडं खाते, मांस-मासे नाही. क्योतो-सेन्सेई पहिल्याच आठवड्यात ॲलर्जीचा फॉर्म घेऊन आले. दूध, अंडं, गहू, शेंगदाणे, कोळंबी, खेकडा, सगळ्याला रकाने. मी म्हटलं, ॲलर्जी नाही, खात नाही एवढंच. त्यांनी फॉर्म उलटापालटा केला. "त्याला रकाना नाही." मग 'इतर' या ओळीत त्यांनी सुबक अक्षरात लिहिलं, मांस: ॲलर्जी. दुसऱ्या दिवशी माझ्या सॅलडमध्ये गुलाबी पट्ट्या होत्या. "हे मांस नाही," ते धीर देत म्हणाले, "हॅम आहे."

पण माणूस चिवट. दाशी म्हणजे माशाचा अर्क, तो बहुतेक सगळ्या रश्शांत असतो, हे मला ठाऊक नव्हतं आणि मी आनंदाने मिसो सूप पीत होते. ते त्यांनीच शोधून काढलं. करीच्या तयार मसाल्याच्या वड्यांमध्ये प्राण्याची चरबी असते, हेही त्यांनीच पाकिटावरची बारीक अक्षरं वाचून सांगितलं. महिन्याचा मेनू छापून यायचा, त्यावर ते लाल पेनाने एकेक पदार्थ खोडायचे. पहिल्या महिन्याचा कागद माझ्यासमोर ठेवला, तेव्हा त्यात उरलं होतं: भात, दूध, संत्रं. आम्ही दोघंही त्या कागदाकडे बघत बसलो. मग ठरलं की मी डबा आणायचा. पण ज्या दिवशी तळलेला पाव असेल, सोयाबीनच्या पिठात आणि साखरेत घोळवलेला, त्या तारखेला ते गोल करायचे. महिन्यातून एखादा गोल यायचा. त्या दिवशी मी पंगतीत.

डब्यासाठी घरी कुकर लावावा लागे. पहिल्यांदा शिट्टी झाली, तेव्हा शेजारचे आजोबा दारात उभे राहिले. गॅसचा अलार्म वाजला असं त्यांना वाटलं होतं. मी त्यांना आत बोलावून कुकर दाखवला, त्यांनी दुसरी शिट्टी होईपर्यंत वाट पाहिली, झाल्यावर मान डोलावली आणि गेले. नंतर मी सकाळी साडेसहाच्या आधी डाळ शिजवली नाही.

ऑगस्टमध्ये शाळेला सुट्टी, आणि करारातल्या बारीक अक्षरांप्रमाणे पगार निम्मा. भाडं मात्र पूर्ण. तो महिना मी कसा काढला, यावर वेगळं लिहिण्यासारखं आहे, पण लिहायची इच्छा नाही.

मार्चच्या शेवटी बदल्या लागतात. सरकारी शाळेतले शिक्षक तिथेही दर काही वर्षांनी हलवले जातात, आणि यादी नावांसकट स्थानिक वर्तमानपत्रात छापून येते. त्या सकाळी स्टाफरूममध्ये सगळे पेपर उघडून बसले होते आणि कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. मी लहानपणी आमच्या घरात ही शांतता पाहिलेली आहे, आई बदलीची यादी वाचायची तेव्हाची. क्योतो-सेन्सेईंची बदली डोंगरातल्या एका शाळेत झाली होती, गाडीने दीड तास. त्यांनी दोन दिवसांत टेबल आवरलं, सगळ्यांना बिस्किटांचा एकेक पुडा वाटला आणि वाकून निघून गेले. माझ्या ड्रॉवरमध्ये एप्रिलचा मेनू होता. १९ तारखेला लाल गोल.

१ एप्रिलला नवे क्योतो-सेन्सेई आले. चुणचुणीत, इंग्रजीत 'नाइस टू मीट यू' म्हणणारे. दुपारी ते माझ्या टेबलाशी आले, हातात फॉर्म.

"बाइदेही सेन्सेई, इथे मांसाची ॲलर्जी लिहिली आहे. मासे चालतात ना?"

"नाही."

"अच्छा." त्यांनी पेनचं टोपण काढलं. "पण सूप चालत असेल?"

मी शेजारची खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.